चौदा दिवसांचे हाँगकाँग

ज्या हाँगकाँगमध्ये सहा वर्षे संसार केला, तेथे पुन्हा पाऊल ठेवण्यासाठी मुंबईच्या एका श्रावक दाम्पत्याला आधी संगणकावर नावनोंदणी करावी लागली. २०१७ पासून भारतीय प्रवाशांना तसा नियम आहे. मुक्काम फार तर चौदा दिवस.

हिऱ्यांच्या व्यापारासाठी हे दाम्पत्य १९९१ मध्ये तेथे गेले होते. १९९७ च्या जूनमध्ये, ब्रिटिश सत्ता संपण्यास पंधरवडा उरला असताना, त्यांनी गाशा गुंडाळला. पुढे व्यापाराचे काय होईल, ही धास्ती त्या वेळी पुष्कळांना होती. भागीदार मात्र थांबला. नव्या कायद्यात सात वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर कायम रहिवासाचा हक्क मिळू लागला. भागीदाराला तो मिळाला. यांचे एक वर्ष कमी पडले.

परतताना ज्या काई तक विमानतळावरून ते निघाले, तो १९९८ मध्येच बंद झाला. धावपट्टीच्या टोकाशी आता पर्यटकांची जहाजे लागतात. कौलूनमधला मोदी रोड तेवढा जागच्या जागी होता. होरमसजी मोदी या पारशी व्यापाऱ्याचे नाव त्याला आहे. तेथील गल्ल्यांत पतीची पावले अडखळली. पत्नी सरळ चालत राहिली. सहा वर्षे भाजी तिनेच आणली होती.

संध्याकाळी दोघे स्टार फेरीत बसले. ही फेरीसेवादेखील दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थाने उभी केलेली. पूर्वी पती दिवसाआड बँकेच्या कामासाठी याच बोटीने पलीकडे जात. नजर सदैव फायलीत. पाणी त्यांनी प्रथमच निवांत पाहिले. बोटीतील लाकडी बाकांची पाठ दोन्ही दिशांना फिरते. पत्नीने ती फिरवली आणि मागे पडणाऱ्या कौलूनकडे तोंड करून ती बसली. पती बोलले नाहीत, पण पाठ फिरवून तिच्याशेजारी बसले.

प्रवास लवकर संपला. जुना धक्का २००६ मध्ये बंद झाला, समुद्र हटवून नवा पुढे बांधला गेला. पूर्वी जेथे पाणी होते, तेथे ते उतरले.

भागीदाराच्या घरी चौविहाराची वेळ सांभाळून ताटे मांडली होती. जेवताना भागीदार म्हणाला, “भाऊ, एक वर्ष थांबला असतात तर...”

पतीने पत्नीकडे पाहिले. ती घड्याळाकडे पाहत होती.

“वहिनी, आधी पाणी आणा,” ती म्हणाली, “सूर्यास्ताला दहाच मिनिटं राहिलीत.”