नंबर विचारला नाही

पेटंटच्या नावाने आधी मी घाबरलो आणि नंतर निर्धास्त झालो. चूक दोन्ही वेळा झाली.

वाशिममध्ये माझी ऑफसेट प्रेस आहे. सीटीपी (संगणकावरून थेट प्लेट बनवणारं) मशीन घेतल्यावर प्रोसेसलेस प्लेटांकडे वळायचं ठरवलं. त्यांना डेव्हलपर लागत नाही; छपाईच्या मशीनवर चढवल्यावर शाई-पाण्यानेच कोटिंग निघतं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याला हे लगेच पटतं. एका कंपनीच्या प्लेटांसाठी ॲडव्हान्स दिला. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीच्या प्लेटांचा विक्रेता आला. मोबाइलवर इंग्रजी बातमी दाखवत म्हणाला, "भाऊ, असल्या प्लेटा कोर्टात हरल्या. वापराल तर नोटीस तुमच्या नावाने येईल." लग्नसराई तोंडावर होती. मी ऑर्डर रद्द केली, ॲडव्हान्स बुडाला आणि त्याच्याच महाग प्लेटा घेतल्या.

बातमी अर्धीच खरी होती. फुजीफिल्म आणि कोडॅक या प्लेट-कंपन्यांचा तो वाद युरोपच्या युनिफाइड पेटंट कोर्टातला. २ एप्रिल २०२५ला मॅनहाइममध्ये निकाल फुजीफिल्मच्या बाजूने लागला. पण २८ जानेवारीलाच ड्युसेलडॉर्फमध्ये तिचं दुसरं एक पेटंट रद्द झालं होतं. शिवाय युरोपातलं पेटंट भारतात चालत नाही. इथे पेटंट भारतीय पेटंट कार्यालयाने दिलेलं असावं लागतं.

हे कळल्यावर मी प्रेसवाल्यांना सांगत सुटलो, "भांडण कंपन्यांचं, आपण नुसते वापरणारे." अकोल्याच्या एका वकिलांनी मला थांबवलं. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ४८मध्ये बनवणं, विकणं, आयात करणं यांच्याबरोबर वापरणंही येतं. पेटंटची कल्पना नव्हती आणि असायचं वाजवी कारणही नव्हतं हे सिद्ध केलं, तर कलम १११प्रमाणे भरपाई टळते. आपल्याला कल्पना होती हे ठरवायला खोक्यावर नंबराशिवाय नुसतं 'पेटंटेड' छापलेलं पुरत नाही. पण मनाई हुकूम तरीही येऊ शकतो. उलट, पोकळ धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम १०६खाली आपल्यालाही कोर्टात जाता येतं. त्या विक्रेत्याला मी एवढंच विचारायला हवं होतं : भारतातल्या पेटंटचा नंबर सांगा.

प्रेसवाल्यांनो, तो नंबर मागा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो. पेटंट चालू आहे का तेही पाहा; मुदत अर्जापासून २० वर्षं, तीही फी भरत राहिलं तरच. आणि पेटंटचा वाद निघाल्यास जबाबदारी विक्रेत्याची, हे ऑर्डरवर लिहून घ्या. तोंडी शब्दावर ऑर्डर देऊ नका आणि रद्दही करू नका.