तीन मुखे आणि दोन तोफा

मुंबईच्या बंदरातील घारापुरी बेट सरकारदप्तरी रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. आम्हां देवनारकरांना मात्र ते ट्रॉम्बेच्या डोंगराआडचे शेजारी असूनही गोवंडीहून लोकलने आणि पुढे गेटवेवरून लाँचने तासभर समुद्र ओलांडल्यावाचून गाठता येत नाही. एवढ्याशा भूमीवर देव, तोफा आणि पुराणवस्तूंचे छोटेसे संग्रहालय इतके जवळजवळ नांदतात, की एका दिवसाच्या भटकंतीत मनुष्यस्वभावाचाच इतिहास वाचल्यासारखे वाटते.

सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या मुख्य लेण्यात सदाशिवाची सुमारे १८ फूट उंचीची मूर्ती आहे. तिच्या तीन मुखांपैकी मधले नेत्र मिटून आत्ममग्न झालेले; आपल्या उजवीकडचे, कमळ धारण केलेले, सुकुमार वामदेवाचे; आणि डावीकडचे, मिशा असलेले, हाती नाग धरलेले, ते रौद्र अघोराचे. याच लेण्यात अंधकासुराचा वध करणाऱ्या शिवाचे पाय आणि बहुतेक हात काळाच्या व माणसांच्या आघातांनी नष्ट झाले असले, तरी चेहऱ्यावरील आवेश तिळमात्र ओसरलेला नाही. संहार सृष्टीचाच एक भाग आहे, हे त्या अनामिक शिल्पकाराने निःसंकोच मान्य केले होते.

लेण्यांवरील डोंगरमाथ्यावर ब्रिटिश अमदानीत बंदराच्या बंदोबस्तासाठी बसविलेल्या दोन प्रचंड तोफा अद्याप आहेत. त्यांपैकी एकीच्या उन्हाने तापलेल्या नळीवर मी हात टेकला आणि खाली पसरलेले बंदर, त्यातून संथपणे जाणारी मालवाहू जहाजे पाहत राहिलो. पोर्तुगीजांनी ज्यावरून या बेटास एलिफंटा हे नाव दिले, तो पाषाणाचा हत्तीही ब्रिटिशांच्याच अमदानीत, १८६४ साली, विलायतेस नेण्याच्या खटपटीत भंगला. पुढे सांधलेला तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे.

तोफेला एकच मुख असते आणि ते सदैव शत्रूच्याच दिशेस रोखलेले असते. स्वसंरक्षणाची गरज कोणत्याही राष्ट्राला टळलेली नाही, आणि शस्त्राची निंदा करून ती टळणारही नाही. परंतु रौद्राला स्थान द्यावे ते बाजूचे, मध्यस्थान शांतीचेच असावे, हा जो प्रमाणबद्धतेचा विवेक सदाशिवाच्या त्या कातळात कोरला आहे, तो मूर्तिशास्त्राइतकाच राज्यशास्त्राचाही पाठ आहे. आणि अणुशक्तीचे संशोधन ज्या ट्रॉम्बेच्या कुशीत चालते, तिच्या लगत राहणाऱ्या आम्हांस तो विसरून चालणार नाही.