गारगोटीची गाडी

मी एकोणीस वर्षांचा होतो. आषाढ लागला होता, कोल्हापूरच्या स्टँडवर पाण्याचे लोट वाहत होते आणि मला गारगोटीला जायचं होतं. तिथं एका गृहस्थांच्या नव्या घराच्या दारांची मापं घ्यायची होती. वडिलांशिवाय, माझं म्हणून मिळालेलं ते पहिलं काम. मी जी गाडी धरली ती गगनबावड्याची निघाली. गारगोटी दक्षिणेला, बावडा पश्चिमेला, पार घाटाच्या तोंडाशी. पण दोन्ही पाट्या 'ग'नं सुरू होतात आणि मी तेवढंच वाचलं होतं. पहिलं अक्षर धरायचं, शब्दाची लांबी नजरेनं अजमावायची, उरलेलं मनानं भरून घ्यायचं, ही माझी वाचायची रीत. बहुतेक वेळा ती निभावून न्यायची.

कंडक्टर आला तेव्हा गाडी शहराबाहेर पडली होती. मी म्हणालो, "गारगोटी." तो म्हणाला, "ही बावड्याला जाती की रं. पाटी बघितली न्हाईस व्हय?" आजूबाजूच्या चार माना वळल्या. खरं तर तिथंच उतरायचं होतं. फार तर अर्धा तास वाया गेला असता. मी म्हणालो, "बावडाच. चुकून तोंडात गारगोटी आलं." तिकिटाचे पैसे दिले आणि जिथं माझं काहीच काम नव्हतं त्या गावापर्यंत मान खाली घालून बसून राहिलो. बावड्याला धुकं इतकं होतं की समोरची टपरीसुद्धा दिसत नव्हती. परतीच्या गाडीची वाट पाहत मी तिथं दुपार काढली. गारगोटीचं काम दुसऱ्याला गेलं. का गेला नाहीस, असं वडिलांनी विचारलं तेव्हा ताप आला होता म्हणून सांगितलं.

आज पन्नाशीत त्या दिवसाचा विचार करतो तेव्हा पाटी चुकल्याचं काही वाटत नाही. ते तिकीट काढलं, त्याचं वाटतं. वाचता न येण्यानं माझं जेवढं नुकसान केलं, त्याच्या कितीतरी पट ते लपवण्यानं केलं.

अक्षरं नाचतात का, असं लोक विचारतात. माझी नाचत नाहीत. ती जागच्या जागी असतात, स्वच्छ दिसतात. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत उशिरा पोचतो. 'घ' दिसतो, पण तो 'घ' आहे की 'ध', हे मनाला विचारावं लागतं, आणि मन उत्तर देईपर्यंत पुढची तीन अक्षरं दारात येऊन उभी राहतात. 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', सगळ्यांचं तेच. पहिली वेलांटी तर लहानपणी मला अन्यायच वाटायची. ती अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र अक्षराच्या नंतर. रफाराचं नेमकं उलटं, उच्चार आधी आणि खूण नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर. 'पूर्व'मधला र वेगळा, 'प्रकाश'मधला वेगळा, 'ट्रक'मधला वेगळा, 'दऱ्या'मधला आणखी वेगळा. एकाच माणसाला चार वेशांत ओळखायचं. बाकीच्या मुलांना ते कधी जमून गेलं, त्यांनाही कळलं नसेल. मी प्रत्येक वेळी नव्यानं ओळख करून घ्यायचो, आणि बाई म्हणायच्या, लक्ष नाही याचं. लक्ष होतं. वर्गातल्या कुणापेक्षाही जास्त होतं.

म्हणूनच इंग्लंडमधल्या पर्सी नावाच्या मुलाची हकीकत ऐकली तेव्हा मला तो भावासारखा वाटला. प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी 1896 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याच्याविषयी लिहिलं. चौदा वर्षांचा, हुशार, खेळात चपळ, पण वर्षानुवर्षं शिकवूनही वाचता न येणारा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. हा पर्सी एकदा स्वतःचं नाव लिहिताना 'प्रेसी' लिहून बसला, आणि कुणी दाखवून देईपर्यंत त्याला ते कळलंही नाही. त्याचाही र सरकला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी, वेगळ्या लिपीत, आणि सरकला तो र-च.

आम्ही सुतार. पटाशी, रंधा, गुण्या यांच्याशी माझं कधी वाकडं आलं नाही. आकड्यांशी आलं. मराठीत 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि कागदावर सहा आधी लिहायचा असतो. एका दुपारी गिऱ्हाइकानं फोनवर त्रेसष्ट इंच सांगितले, मी 36 लिहिले आणि सागवानाची चांगली फळी छत्तीसवर कापली. करवत थांबली तेव्हा दोन्ही तुकडे माझ्या हातात होते. ती फळी मी विकली नाही. तिचा पाट केला, आजही घरात आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. लोकांनी त्याची खूप चेष्टा केली. भाषेचं सौष्ठव जातं हे त्यांचं म्हणणं मला कळत होतं, पण त्या चेष्टेत मला सामील होता आलं नाही. 'साठ तीन' ऐकलं असतं तर ती फळी वाचली असती.

फळी कापली त्या दिवसानंतर मी मापं लिहिणं सोडलं. आता मी सरळ लाकडाची एक काठी नेतो आणि दाराची उंची, रुंदी, बिजागरीची जागा तिच्यावरच पेन्सिलीनं खुणावून आणतो. आकडा मध्ये येतच नाही. प्रत्येक घराची एक काठी. वर्कशॉपच्या कोपऱ्यात त्यांची मोळी उभी असते आणि कुठली कुणाची, हे मला हातात घेताच सांगता येतं.

बाहेरच्या जगात मात्र काठी चालत नव्हती. बँकेची स्लिप, अक्षरी रक्कम, दवाखान्यातली चिठ्ठी, लग्नपत्रिका. तिथं मी म्हणायचो, "चष्मा घरी राहिला, जरा बघता का?" तेव्हा मला चष्मा लागलेलाही नव्हता. कुणाला संशय येऊ नये म्हणून मी चष्म्याचं एक घर विकत घेतलं होतं आणि ते शर्टाच्या खिशात ठेवायचो. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा शर्ट धुवायला टाकताना बायकोनं ते उघडलं. "अहो, यात चष्माच नाही." मी काहीतरी बोलणार होतो, पण ती ते रिकामं घर हातात धरून बघत होती. आत निळं मखमली कापड होतं, त्यावर चष्मा ठेवल्याचा साधा वळसुद्धा उमटलेला नव्हता. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, गगनबावड्यापासून. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "तीन वर्षं एकटेच ओढत होता होय हे?"

याला डिस्लेक्सिया असं नाव आहे हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली. भाच्याची तपासणी करून आलेली बहीण थेट वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, "दादा, त्या मॅडम माझ्या पोराचं सांगत होत्या, पण मला सारखा तूच दिसत होतास." पुढच्या खेपेला मीही गेलो. तिथल्या चाचण्या मुलांसाठी बेतलेल्या. बेचाळिसाव्या वर्षी मी छोट्या खुर्चीत बसून निरर्थक शब्द वाचत होतो, आणि त्यात अंदाज चालत नसल्यामुळे माझं सगळं उघडं पडलं. मॅडमनी समजावून सांगितलं की हे घराण्यात उतरतं. याचा बुद्धीशी संबंध नाही, डोळ्यांशीही नाही. बोलणं माणसाबरोबर जन्माला येतं, वाचणं मात्र पाचेक हजार वर्षांपूर्वीचा शोध आहे आणि प्रत्येक मेंदूला त्यासाठी नव्यानं वाट पाडावी लागते. माझ्या मेंदूत अक्षर आणि आवाज यांना जोडणारी वाट अरुंद राहिली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या अडचणीची दखल घेतली आहे, भाच्याला परीक्षेत जास्त वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. मला आनंद झाला, आणि घरी येताना रिक्षात रडू आलं.

वडिलांचं वाचन यथातथाच होतं, आता आठवतं. आजी तर अंगठेबहाद्दर. पण तिला पांडवप्रतापाचे अध्यायच्या अध्याय येत. चातुर्मासात देवळात एकजण पोथी वाचायचा आणि सारं गाव ऐकायचं. ऐकणाऱ्याला कुणी कमी लेखत नव्हतं. आमच्या जुन्या मोडी दस्तात तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नसत आणि शब्दाशब्दांत जागाही सोडत नसत, तरी जमिनीचे व्यवहार होत होते.

कुणी कौतुकानं म्हणतं की अशा माणसांना देव दुसरी देणगी देतो, म्हणून तुमचे हात असे चालतात. हे मला पटत नाही. हात चालतात ते वयाच्या बाराव्या वर्षापासून रंधा मारल्यामुळे. आणि ज्याच्या हातांतही काही नाही, त्या पोरानं काय करायचं? त्यालाही सुखानं बावड्याच्या गाडीतून खाली उतरता आलं पाहिजे.

आता फोन मला मजकूर वाचून दाखवतो, बोललेलं लिहूनही घेतो. हे सगळं मी तसंच बोललो आहे. रात्री बायको कादंबरी वाचते, मी ऐकतो. एखादं वाक्य आवडलं तर ती न सांगता पुन्हा वाचते.

गेल्या महिन्यात गारगोटीला एका देवघराचं काम निघालं. काठी घेऊन स्टँडवर गेलो. ओळीनं गाड्या लागल्या होत्या. शेजारी कॉलेजची एक मुलगी उभी होती. मी म्हणालो, "बाळ, मला वाचायला वेळ लागतो. त्या गाडीवर काय लिहिलंय?"

"गारगोटी," ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या फोनमध्ये बघू लागली.

मला खिडकीची जागा मिळाली.