डिड नंतर व्ही-वन

आमच्या शाळेत क्रियापदांची रूपं पाढ्यांसारखी म्हणायची पद्धत होती. गो-वेंट-गॉन, डू-डिड-डन, कट-कट-कट. कट-कट-कटला सगळा वर्ग जोरात ओरडायचा, कारण तेवढं हमखास पाठ असायचं. परभणी जिल्ह्यातली मराठी शाळा. रूपांना नावं होती व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री, आणि सरांचा आवडता नियम होता: 'डिड नंतर व्ही-वन'. रिकाम्या जागा भरताना या नियमावर माझा एकही मार्क कधी गेला नाही.

तो गेला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, पुण्यात, एका कंपनीच्या मुलाखतीत. इंटर्नशिपला का गेला नाहीस, असं विचारलं. मी म्हणालो, "सर, आय डिडन्ट वेंट बिकॉज..." वाक्य तोंडातून निघालं, माझ्याच कानावर पडलं आणि पुढचं कारण घशातच राहिलं. समोरच्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. संध्याकाळच्या यादीत माझं नाव नव्हतं. त्या वाक्यामुळेच नव्हतं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. लिंक्ड लिस्ट उलटी करतानाही मी गडबडलो होतो. पण आठवतं ते वाक्यच.

पुढे बरीच वर्षं मी ही माझी व्यक्तिगत कमतरता समजत होतो. मग लक्षात आलं की आमच्याकडची निम्मी पोरं हीच चूक करतात, आणि सगळे एकच चूक करत असतील तर तो बग वरच्या लेयरमध्ये असतो. आपण रोज काय बोलतो बघा. 'मी काल गेलो नव्हतो.' यात भूतकाळ दोनदा आहे. 'गेलो'मध्ये एकदा, 'नव्हतो'मध्ये पुन्हा. आणि मराठीत ते बरोबर आहे. 'गेलो नाही' म्हटलं तरी भूतकाळ 'गेलो'मध्येच राहतो, 'नाही'ला त्याचं काही घेणंदेणं नसतं. म्हणजे कसंही बोला, मुख्य क्रियापद भूतकाळातच. हेच डोक्यात धरून इंग्रजीत उडी मारली की 'डिडन्ट वेंट' होतं. इंग्रजीचं म्हणणं वेगळं आहे: काळाचा शिक्का एकदाच मारायचा, आणि 'डिड' आला की तो त्याच्यावर. एकच व्हेरिएबल दोन ठिकाणी अपडेट केलं की कोड रिव्ह्यूमध्ये आपण ओरडतो ना, तसंच.

गंमत म्हणजे इंग्रजीलाही हे 'डू'चं प्रकरण जन्मापासून नव्हतं. शेक्सपिअरच्या नाटकांत 'आय नो नॉट' आणि 'आय डू नॉट नो' दोन्ही सापडतात. 'डू'ची सक्ती नंतर पक्की झाली. आणि 'वेंट' तर 'गो'चं पोरच नाही! ते 'वेंड' नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचं भूतकाळी रूप, 'गो'ने दत्तक घेतलेलं. 'गो'चं स्वतःचं जुनं रूप होतं, ते मागे पडलं. हे वाचलं तेव्हा मी 'जा' आणि 'गेला' शेजारी शेजारी लिहून पाहिले. 'जा' संस्कृतातल्या 'या' धातूचा, 'गेला' 'गम्'पासून आलेल्या 'गत'चा. दोघांचं गोत्र वेगळं. म्हणजे जाण्याच्या बाबतीत आपण आणि इंग्रज दोघेही उसनवारीवरच आहोत. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर वेंटची भीती जरा कमी वाटली असती.

आता मी मुलाखतीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर नांदेडकडचा एक मुलगा होता. आम्ही त्याला एक मोडकी सर्व्हिस दाखवली: थोडा वेळ चालते आणि मग सगळ्या रिक्वेस्ट अडकतात. तो लॉग वाचत म्हणाला, "सर, रिक्वेस्ट डिडन्ट रीच्ड द डेटाबेस." माझ्या सहकाऱ्याने लगेच मला चॅटवर दात काढणारी स्मायली पाठवली. तोवर पोराने शोधूनही काढलं होतं. एरर आली की कोड डेटाबेसचं कनेक्शन पूलमध्ये परत करत नव्हता. एकेक करत पूल रिकामा होत होता. त्या दिवशी त्याच्या आधी आलेल्या तिघांना हे दिसलं नव्हतं, आणि तिघांचंही इंग्रजी कानाला गोड होतं.

फॉर्मवर 'कम्युनिकेशन' असा एक रकाना असतो, पाचपैकी. सहकाऱ्याने दोन दिले. मी चार दिले. त्यावरून आमची वीस मिनिटं हुज्जत झाली. त्याचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं: उद्या हा क्लायंटशी बोलेल, तिथे कोण समजून घेणार? मी म्हणालो, त्याचं वाक्य तुला कळलं का? "कळलं." मग? शेवटी साडेतीनवर तोडगा निघाला, फॉर्म अर्धा मार्क घेत नव्हता म्हणून चार झाले.

तो रुजू झाला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, "सर, आय डिडन्ट गॉट ॲक्सेस." मी दुरुस्ती टाइप केली. खोडली. पुन्हा टाइप केली. न सांगणं हा चांगुलपणा की भित्रेपणा, ते कळेना. मला कॉलेजात कुणी टोकलं असतं तर राग आला असता, आणि कुणी टोकलं नाही याचाही अजून राग आहेच.

चहाला खाली गेलो तेव्हा त्याला मराठीतच म्हणालो, "अरे, डिडन्टनंतर..."

"व्ही-वन," तो म्हणाला. "माहितीये सर. पेपरात कधी चुकलं नाही. बोलताना घाई होते, मग गेलो नव्हतोच बाहेर पडतं."

मग कपातल्या चहाकडे बघत त्याने विचारलं, "तुमचंही व्हायचं का?"

मी त्याला त्या मुलाखतीची गोष्ट सांगितली. लिंक्ड लिस्टसकट. तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

"दादा," तो म्हणाला, सर नाही, "मग इंटर्नशिपला का नव्हता गेलात?"

आई आजारी होती. हे मी त्या दिवशी सांगणार होतो.