नंचक आणि गोटी

त्वरणमापक, म्हणजे ॲक्सेलरोमीटर, हवा असेल तर आज त्याचं तयार मॉड्यूल दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळतं. मग गेमच्या जुन्या कंट्रोलरच्या मागे कशाला लागायचं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. माझं उत्तर सोपं होतं. मॉड्यूल हातात धरता येत नाही. मला थाळीत गोटी फिरवायची होती, आणि थाळीने माझ्या हातासारखं कलायला हवं होतं.

निन्टेंडोचा वी हा कन्सोल २००६ साली आला. त्याच्या रिमोटला वायरीने जोडायचा एक जोडीदार होता, त्याचं नाव नंचक. अंगठ्याखाली जॉयस्टिक, बोटांखाली सी आणि झेड ही दोन बटणं, आणि पोटात तीन अक्षांचा त्वरणमापक. माझ्या घरी वी कधीच नव्हता. नंचक मी वेगळा मागवला, तोही नकली. सर्व्हो मोटर, लेव्हल शिफ्टर आणि जंपर वायरी मात्र पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणल्या. तिथे काउंटरवर उभं राहून ‘तीन पॉइंट तीनचं पाचवर न्यायचंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

नंचक छंदवाल्यांचा लाडका झाला तो त्याच्या बोलीमुळे. तो आय-टू-सी या साध्या पद्धतीने बोलतो. डेटाची एक वायर, क्लॉकची एक, शिवाय वीज आणि ग्राउंड. एवढ्या चार वायरींत काम भागतं. आकडे वाचायला आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला. त्यावर डेटा ए-४ ला आणि क्लॉक ए-५ ला. नंचक ३.३ व्होल्टचा आणि उनो ५ व्होल्टचा, म्हणून मध्ये लेव्हल शिफ्टर. थेट जोडूनही चालवणारे लोक आहेत, पण मला तो धोका नको होता. नकली मालात आतल्या वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा मल्टिमीटर लावून कोणती वायर कोणत्या पट्टीला जाते ते आधी लिहून काढलं.

नंचकचा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये ५२. त्या पत्त्यावर हाक मारली तरी तो आपणहून आकडे देत नाही, त्याला आधी जागं करावं लागतं. जागं करण्याची जुनी रीत वापरली तर आकडे कूटरूपात येतात आणि ते सोडवत बसावं लागतं. नव्या रीतीत एफ-शून्य या रजिस्टरात ५५ आणि एफ-बी मध्ये शून्य लिहायचं, दोन्ही हेक्समध्येच. मग आकडे उघडे येतात, आणि नकली नंचकही बहुधा हीच रीत मानतात. जागं करणं फसलं, तर स्क्रीनवर २५५, २५५, २५५ अशी रांग लागते.

प्रत्येक वेळी सहा बाइट येतात. पहिले दोन जॉयस्टिकचे. पुढचे तीन त्वरणाचे, पण अपुरे, कारण त्वरणाचं माप १० बिटांचं असतं आणि बाइटमध्ये मावतात ८. उरलेले दोन-दोन बिट सहाव्या बाइटमध्ये दोन्ही बटणांच्या शेजारी दाटीवाटीने बसवलेले असतात. ते सोडवून जागच्या जागी लावणं हे मला त्या सगळ्या कामातलं सर्वांत सुखाचं काम वाटलं.

आकडे दिसू लागले आणि खरा धडा सुरू झाला. टेबलावर स्वस्थ ठेवलेल्या नंचकचे आडवे दोन अक्ष ५१२ च्या आसपास होते, म्हणजे शून्य. उभा अक्ष मात्र सातशेच्या पुढेमागे. काहीच हलत नसताना त्वरण कुठून आलं? आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म भार सिलिकॉनच्याच लवचिक पात्यांवर तोललेला असतो. तो सरकला की शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता बदलते, आणि तेच मोजलं जातं. टेबल नंचकला खालून उचलून धरतं, पण आतला भार पृथ्वीच्या ओढीने खाली लवलेलाच राहतो. उशीवर टाकून पाहिला तर पडतानाच्या त्या क्षणात तिन्ही अक्ष शून्याजवळ आले. पडणाऱ्या वस्तूला आधार नाही, म्हणून मोजायलाही काही नाही.

तेव्हा लक्षात आलं की हा सेन्सर कल मोजतच नाही. तो आधाराची दिशा सांगतो आणि कल आपण त्रिकोणमितीने काढतो. दोन अक्षांच्या आकड्यांवर आर्कटॅन लावला की कोन मिळतो. मनगट जागच्या जागी, उभ्या अक्षाभोवती फिरवलं तर कोन ढिम्म हलत नाही, कारण त्या फिरण्यात गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलत नाही. माझ्या कामाला ही उणीव आड आली नाही. तसं फिरवून थाळीतली गोटीही कुठे घरंगळत नाही. नंचकमधला भार आणि थाळीतली गोटी, दोघांना हलवणारं बळ एकच होतं.

थाळी प्लायवुडची, आइस्क्रीमच्या काड्यांच्या भिंतींचा चक्रव्यूह, खाली दोन छोटे सर्व्हो. सर्व्होंना वेगळी वीज दिली आणि ग्राउंड सामाईक ठेवलं, नाहीतर मोटरने झटका घेतला की आर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हाताचा कंप थाळीत उतरत होता, म्हणून जुन्या कोनाचे नऊ भाग आणि नव्याचा एक अशी गाळणी लावली. थाळी शांत झाली, पण थोडी आळशीही.

माझ्या भाचीने खेळ हातात घेतला आणि लगेच त्यातली फट शोधली. ‘‘मावशी, हात वाकवायचा नाही, नुसता झटकायचा. बघ, गोटी भिंतीवरून उडते!’’ बरोबरच होतं. हाताचा झटका आणि गुरुत्वाकर्षण यांतला फरक त्वरणमापकाला कळत नाही. त्यासाठी जायरोस्कोप लागतो. वीच्या रिमोटला निन्टेंडोने २००९ मध्ये मोशनप्लस हा जायरोचा जोड दिला, तो याचसाठी.

मी गाळणी आणखी घट्ट करायला निघाले, तर भाची म्हणाली, ‘‘काढू नकोस ना. एका डावात एकच झटका, असा नियम करू.’’ मग प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या. झेड दाबलेलं असेल तेवढा वेळ गाळणी सैल, आणि डावात एकदाच. सी दाबलं की थाळी सपाट. ब्रेडबोर्डवर त्यासाठी नवं काहीच जोडावं लागलं नाही. बटणं तिच्या बोटांखाली आधीपासून होती, आणि ती कुठे आहेत हे मला तिला दाखवावंही लागलं नाही. दोन-तीनशेच्या मॉड्यूलमध्ये हे मिळालं नसतं.