गोठ्याचा राखणदार

ब्रह्मपुरी वनविभागातील सिंदेवाही परिसरात धानाचे बांध संपतात तेथूनच जंगल सुरू होते. अशा गावी गोठा राखणारे एखादे व्यापारी कुटुंब प्राणिसेवी संस्थेकडून कुत्रा दत्तक घेते, तेव्हा निराधार जिवाला आसरा आणि वासरांना राखण असे दोन्ही हेतू त्यात असतात. मात्र तो कुत्रा रात्री गोठ्याबाहेर साखळीने बांधला गेला, की दोन्ही हेतू फसतात. ती राखण नव्हे, बिबट्यासाठी मांडलेले ताट होय.

अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराविषयी विद्या अत्रेय व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा ११ टक्के निघाला. वास्तविक तेथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळ्या रात्री कोंडल्या जातात, कुत्री उघड्यावर राहतात. एवढे ध्यानात घेतले तरी अर्धे काम झाले.

गुरे राखणारा कुत्रा मुख्यतः झुंजीसाठी नसतो. तो जनावरांत मिसळून राहतो, वेळीच भुंकतो आणि सावध झालेला शिकारी बहुधा माघार घेतो. नामिबियातील चित्ता संवर्धन निधी ही संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची पिल्ले देते. ती लहानपणापासून शेळ्यामेंढ्यांतच वाढतात. बोत्सवानात गावठी कुत्र्यांनीही हे काम उत्तम केले. तेव्हा विदेशी जातीचा हव्यास सिंदेवाहीत कोणी धरू नये. वाघाला मात्र कोणताच कुत्रा अडवू शकत नाही. रानात त्याचे भुंकणे गुराख्याला सावध करते, एवढाच त्याचा उपयोग.

दत्तक मिळणारा कुत्रा पुष्कळदा वयात आलेला असतो. त्याची पूर्वपीठिका संस्थेला विचारावी. पहिले काही दिवस कुंपणाआडून वासरांची ओळख करून द्यावी आणि वासरांमागे धावण्याची खोड जात नसेल, तर त्याला या कामावर ठेवू नये. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी चुकवू नयेत. डिस्टेंपरने २०१८ मध्ये गीरच्या सिंहांचे बळी घेतले. जंगलाला लागून राहणाऱ्याने पाळलेल्या कुत्र्याची लस ही वनातील जिवांचीही राखण समजावी. निर्बीजीकरण झाले नसेल तर तेही करून घ्यावे.

आहाराचा प्रश्न शाकाहारी घराने कुत्रा आणण्यापूर्वीच सोडवावा. शिळी पोळी आणि पातळ दूध यांवर रात्रभर जागणारे जनावर तगत नाही. योग्य प्रमाणातील प्रथिनयुक्त शाकाहार कुत्र्याला चालू शकतो, परंतु तो पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावा लागतो आणि त्याचा खर्च दर महिन्याच्या जमाखर्चात धरावा लागतो.

दिवस मावळल्यावर वासरे आत घ्यावीत, त्यांच्यामागून कुत्र्यालाही आत घ्यावे आणि वरपर्यंत जाळी लावलेल्या गोठ्याचे दार मग लावावे.