आधीच गाऊन ठेवलेलं

येशू गायला, असा उल्लेख शुभवर्तमानांत एकाच प्रसंगाचा सापडतो. शेवटचं भोजन उरकलं, सगळ्यांनी मिळून गीत म्हटलं आणि ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. मत्तय आणि मार्क दोघांनीही हे जेमतेम एका ओळीत आटोपलंय. चाल कोणती, कुणी आधी उचलली, काही सांगितलेलं नाही. वल्हांडणाच्या रात्री स्तोत्रसंहितेतली 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणायची यहुदी रीत; तेव्हा त्यातलंच काही असावं असं जाणकार मानतात. मला मात्र ती ओळ वाचली की पुढचंच आठवतं. गाणं संपून फार वेळ झाला नाही तोच हे गाणारे गेथशेमाने बागेत झोपी गेले. शिपाई आले तसे पळाले. आणि पेत्रानं तर कोंबडा आरवायच्या आत तीनदा सांगून टाकलं की हा माणूस माझ्या ओळखीचाच नाही.

म्हणजे गाण्यानं धीर येतो, एकी वाढते, विश्वास पक्का होतो, असं जे आपण सहज बोलून जातो, त्याचा पडताळा त्या रात्री तरी आला नाही. साक्षात प्रभूच्या शेजारी बसून गायलेलं गीत शिष्यांना पहाटेपर्यंतसुद्धा पुरलं नाही. मग उपासनेत गायचं ते कशासाठी?

हा प्रश्न आमच्या नगरकडच्या मंडळीत विचारला तर पहिलं उत्तर येईल, देवाच्या स्तुतीसाठी. ते खरंच आहे. पण ज्याला कशाची वाण नाही त्याला आमच्या स्तुतीची तेवढी वाण असेल, हे काही पटत नाही. कुणी म्हणेल, संदेश ऐकण्याआधी मन तयार व्हावं म्हणून. आणि पाळकसाहेब खाजगीत, हसत हसत, तिसरंच सांगतील: पहिली दोन गीतं होईपर्यंत निम्मी मंडळी बाहेर चपला काढत असते, तेव्हा गीतं हवीतच. ही सगळी उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त ती त्या तासाभरापुरती आहेत. रविवारी साडेदहाला सुरू होतात आणि बाराला संपतात.

मला वाटतं, उत्तर त्याच गोष्टीत थोडं पुढे आहे. गीत म्हणणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर होता. तिथं त्याच्या तोंडून जे मोजके उद्गार निघाले, त्यांतला देवानं टाकल्याचा आकांत हा 22व्या स्तोत्राचा आरंभ आहे, आणि लूकनं नोंदवलेला अखेरचा उद्गार 31व्या स्तोत्रातला आहे. हे शब्द त्यानं त्या घडीला जुळवलेले नव्हते. शेकडो वर्षं लोक ते गात आले होते, आणि नासरेथच्या सभास्थानात लहानपणापासून त्याच्या कानी पडत आले असणार. इतक्या वेदनेत नवं वाक्य रचायला माणसाजवळ श्वास कुठला? जे आधीच गाऊन ठेवलेलं असतं तेच वर येतं.

आपण गातो ते बहुधा याचसाठी. आज मनात जे आहे ते बोलून दाखवायला नव्हे. ज्या दिवशी मनात काहीच उरणार नाही, त्या दिवसासाठी. आमच्याकडे पूर्वी ज्वारी पेवात घालून ठेवत. सुगीच्या दिवसांत भरलेलं पेव लगेच कुणी उघडत नसे. पाऊस फिरला की त्याची आठवण व्हायची. रविवारचं गायन हे तसं पेव भरणं आहे. भरताना पोट भरलेलं असतं, म्हणून त्याचं मोल कळत नाही.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. चर्चला जाताना ती ‘उपासना संगीत’ मात्र न विसरता न्यायची, आणि मांडीवर कोणतंही पान उघडून ठेवायची. गीताचा क्रमांक पुकारला की बाकीचे पानं चाळत असायचे, तोवर हिची पहिली ओळ सुरू झालेली असे. तिला वचनं पाठ नव्हती, धर्मशास्त्राचा गंध नव्हता. देवाविषयी तिला जे काही ठाऊक होतं ते चालीसकट ठाऊक होतं. आमच्या भागातल्या कित्येक जुन्या ख्रिस्ती घरांची गोष्ट याहून वेगळी नाही. छापील शास्त्र हातात आलं आणि ते वाचायला शाळा मिळाली, यात एखाद-दोन पिढ्या गेल्या. मधल्या काळात पदं आणि भजनंच त्यांचं शास्त्र होती. पाठ होतं म्हणून ते कुणी हिरावू शकत नव्हतं, आणि रात्री दिव्यात तेल नसलं तरी ते वाचता येत होतं.

संत ऑगस्टीननं या गोष्टीवर जेवढा खोल विचार केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल. इसवी सन 386मध्ये मिलान शहरात सम्राटाची आई जस्टिना हिनं चर्चवर दडपण आणलं. लोक आपले बिशप अँब्रोज यांच्यासोबत देवळातच रात्रंदिवस बसून राहिले. ते दुःखानं खचू नयेत म्हणून तिथं पूर्वेकडच्या रीतीनं सगळ्यांनी मिळून गायची पद्धत सुरू झाली, असं ऑगस्टीन आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये लिहितो. पुढच्याच वर्षी त्याची आई मोनिका ओस्तिया बंदरात वारली. तिनं डोळे मिटले, नातू हंबरडा फोडून रडू लागला, त्याला गप्प केलं, आणि इव्होडियस नावाच्या मित्रानं स्तोत्रांचं पुस्तक घेऊन गायला सुरुवात केली. घरातल्या साऱ्यांनी त्याला साथ दिली. ऑगस्टीन स्वतः रडला नाही. अंत्यविधी झाला तरी रडला नाही. रात्री झोपून उठला, एकटाच पडून होता, तेव्हा अँब्रोज यांच्या एका गीताच्या ओळी त्याला आठवल्या. त्यानंतर हळूहळू आईची आठवण दाटून आली आणि अडलेलं रडू मोकळं झालं.

हाच ऑगस्टीन त्याच ग्रंथात पुढे स्वतःला फैलावर घेतो. शब्दांपेक्षा सुरांनीच मी हेलावतो, हा दोष तर नव्हे? त्याचं मन दोन्हीकडे ओढ घेतं. शेवटी तो गायनाच्या बाजूनं कौल देतो, पण बिचकतच. ही धास्ती पुढेही अनेकांना होती. 16व्या शतकात झ्युरिकमध्ये झ्विंग्लीनं उपासनेतलं गायन बंद केलं, आणि तो स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा जाणता संगीतकार होता! सुराची ताकद न ओळखणारा माणूस तिला इतका घाबरला नसता. पण मला वाटतं, ऑगस्टीनच्या शंकेचं उत्तर त्याच्याच आईच्या मृत्यूत होतं. सूर हेलावतो म्हणूनच शब्द टिकतात. मोनिकाच्या उशाशी एखादं प्रवचन झालं असतं तर त्या रात्री त्याला त्यातलं किती आठवलं असतं?

आमच्याकडे दुखवट्याची प्रार्थना असते, तिथं हे आजही दिसतं. मयताच्या घरी सतरंजी पसरलेली. पेटी असली तर असते, नसली तर कुणी तरी साधी चाल धरतो. जिचा नवरा गेलाय ती भिंतीला टेकून बसलेली असते. ती गात नाही, गाणार तरी कशी. तिच्या वाट्याच्या ओळी शेजारणी म्हणतात. दुसऱ्या कडव्यापाशी कधी तिचे ओठ हलतात, कधी हलतही नाहीत. कुणी तिला म्हण असं म्हणत नाही. पुढे कधी तरी तीच दुसऱ्या एका घरात, दुसऱ्या एका बाईच्या वाट्याच्या ओळी म्हणणार असते. एकट्यानं म्हटलेल्या प्रार्थनेत ही सोय नाही. तिथं आपली श्रद्धा आटली की प्रार्थनाही आटते. मंडळीच्या गाण्यात एकाचा दम संपला तरी गाणं थांबत नाही.

पण साठवायचं तर ते आपल्या जिभेवर बसणारं हवं. हे ओळखणारा एक इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्यात उतरला होता. फादर थॉमस स्टीफन्स. त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत रचली, सुमारे अकरा हजार ओव्या. ‘क्रिस्तपुराण’ 1616मध्ये राशोल इथं रोमन लिपीत छापलं गेलं आणि देवळांतून रविवारी, सणावारी म्हटलं जाऊ लागलं. पुढे पोर्तुगीज सत्तेनं 1684मध्ये स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. 17व्या शतकात त्या पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतली एकही प्रत आज हाती लागत नाही. ग्रंथ वाचला तो गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. त्यांनी तो म्हणत, हातानं उतरवून घेत जपला, आणि 1907मध्ये मंगळूरलाच तो पुन्हा छापला गेला. छापखान्याला जे जमलं नाही ते गळ्यांनी केलं.

देशावर हेच काम नारायण वामन टिळकांनी वेगळ्या रीतीनं केलं. 1895मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याआधीच ते नावाजलेले कवी होते. मिशनऱ्यांनी आणलेल्या गीतांची भाषांतरं तेव्हा विलायती चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, पण श्वास घ्यायची जागा परकी. कृष्णराव सांगळ्यांसारखे लोक देशी चालीची पदं रचत होतेच. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेच्या मधोमध आणून बसवलं. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. त्यामुळे टाळ हातात घ्यायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरं राहिलं. 1919मध्ये ते गेले आणि पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. एकाचा दम संपला तरी गाणं थांबत नाही, ते असंही.

आता एक शंका उरते, आणि ती साधी नाही. मनात नसलेलं तोंडानं गाणं हे ढोंग नव्हे का? आमच्या मंडळीत बांधावरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ होते. एका रविवारी पुस्तकं कमी पडली आणि दोघांना एकाच पुस्तकात बघून गावं लागलं. गीत होतं क्षमेचं. दोघांनी ते खणखणीत म्हटलं आणि बाहेर पडल्यावर एकमेकांकडे पाठ फिरवली. दावाही पुढे चालूच राहिला. हसू येतं, पण मी त्याला ढोंग म्हणणार नाही. त्या दोघांजवळ क्षमा नव्हती. निदान तिचे शब्द तरी जवळ राहिले. शिष्यांचंही त्या रात्री तसंच झालं होतं. पळून गेलेला पेत्र काही आठवड्यांतच त्याच 118व्या स्तोत्रातलं, बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचं वचन सभेसमोर ठणकावून सांगताना प्रेषितांच्या पुस्तकात भेटतो.

ढोंग वेगळीकडे असतं. ते आमोस संदेष्ट्यानं दाखवून दिलंय. गरिबाला पायाखाली तुडवायचं आणि देवळात वीणा छेडायची, अशांच्या गाण्याचा गलबला देवाला नको आहे. बांधावरचा चुलतभाऊ निदान आपल्याला क्षमा जमत नाही हे जाणतो. आमोससमोरचे गाणारे मात्र गाणं गायलं म्हणजे हिशेब मिटला असं समजत होते. मंडळीत जात पाहून सोयरीक जुळवणाऱ्या आणि एकाच पित्याची लेकरं असल्याचं गाणाऱ्या आपणा सगळ्यांना तो अध्याय जड जायला हवा.

दुसरी अडचण अलीकडची आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, पडद्यावर येणाऱ्या ओळी, यांच्याशी माझं भांडण नाही. टिळकांच्या टाळालाही त्या काळी नाकं मुरडली गेली असतील. खटकतं ते एवढंच की पडद्यावरची पुष्कळ गीतं केवळ आनंदाची, विजयाची असतात. स्तोत्रसंहिता तशी नाही. तिच्या 150 स्तोत्रांत गाऱ्हाणी आहेत, देवाला केलेले उलट सवाल आहेत. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. इस्राएलाच्या पूर्वजांनी तेही गायनाच्या पुस्तकात ठेवलं, कारण कुणाला तरी, कधी तरी, तेवढंच म्हणता येणार होतं. नुसता आनंद शिकून मोठं झालेलं पोर दुःखाच्या दिवशी चर्चला यायचं टाळतं. त्याला वाटतं, आज आपल्यापाशी गायला काही नाही.

फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते. पाय खोड्यात, पाठ फटक्यांनी सोललेली. पुढे भूकंप झाला, दारं उघडली, म्हणून ती गोष्ट आपण चमत्काराची समजतो. पण गाणं भूकंपाच्या आधी चाललं होतं, आणि तिथं पुस्तक नव्हतं, उजेडही नव्हता. बाकीचे कैदी ऐकत होते, हेही लिहिणाऱ्यानं आवर्जून नोंदवलंय.

म्हणून रविवारची गीतं निवडणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. हे गीत आज किती रंगेल, हा हिशेब दुसऱ्या क्रमांकाचा. आधी हे पाहा, की दवाखान्यात, वीज गेलेल्या रात्री, पुस्तक जवळ नसताना, ते कुणाला म्हणता येईल का. आणि म्हणणाऱ्याचा गळा दाटला तर शेजारच्या खाटेवरच्याला पुढची ओळ येत असेल का. येत नसेल, तर ते आताच शिकवायला घ्या.